चिमाजी अप्पा
चिमाजी बल्लाळ ऊर्फ चिमाजी अप्पा (इ.स. १७०७ – १७ डिसेंबर १७४०) हे मराठा साम्राज्याचे सेनापती, पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र आणि थोरले बाजीराव पेशवे यांचे बंधू होते. इ.स. १७३७ ते १७३९ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टी बेट, ठाणे आणि वसईसह उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. आजच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील घोडबंदर व धारावी (डोंगरी-चौक) हे दोन किल्ले याच मोहिमेत मराठ्यांकडे आले. या किल्ल्यांचे तट चुन्यात बांधलेले असल्यामुळे त्यांच्या जतनाचा प्रश्न चिमाजींच्या इतिहासाशी जोडला गेला आहे.

पूर्वायुष्य

चिमाजींच्या आई राधाबाई या बर्वे घराण्यातील होत्या. बाळाजी विश्वनाथ यांचे २ एप्रिल १७२० रोजी निधन झाले आणि त्याच महिन्यात छत्रपती शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. त्या वेळी चिमाजी अवघे बारा-तेरा वर्षांचे होते. पुढील काळात दोघा भावांमध्ये कामाची वाटणी ठरत गेली. बाजीराव दूरच्या स्वाऱ्यांवर असत, तर पुणे-साताऱ्याचा कारभार, पैशाची तजवीज आणि दरबारातील नाजूक प्रकरणे बहुधा चिमाजी सांभाळत. यामुळे त्यांची प्रतिमा मागे राहून व्यवस्था पाहणाऱ्या भावाची झाली आहे. ती पूर्णतः बरोबर नाही. त्यांनी स्वतंत्रपणे चालविलेल्या मोहिमा संख्येने थोड्या असल्या, तरी परिणामांच्या दृष्टीने मोठ्या आहेत.

त्यांच्या पहिल्या पत्नी रखमाबाई या पेठे घराण्यातील होत्या. ऑगस्ट १७३० मध्ये पुत्र सदाशिवराव यांचा जन्म झाल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा मृत्यू झाला. हेच सदाशिवराव भाऊ पुढे १७६१ मध्ये पानिपतावर कामी आले. चिमाजींच्या दुसऱ्या पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई होते. चिमाजींची प्रकृती तरुणपणापासूनच नाजूक होती.

माळवा, गुजरात आणि सिद्दी

नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यातील अमझेरा येथे चिमाजींच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. या लढाईत गिरिधर बहादूर आणि त्याचा नातेवाईक दया बहादूर हे दोघेही मारले गेले. त्यानंतर उज्जैनला घातलेला वेढा मात्र यशस्वी झाला नाही. १७३० मध्ये गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून चौथाईचा करार करून घेण्यातही चिमाजींचा वाटा होता. एप्रिल १७३६ मध्ये अलिबागजवळच्या लढाईत जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात ठार झाला. या विजयाने कोकणात मराठ्यांचा एक मोठा शत्रू दुबळा झाला आणि पोर्तुगीजांकडे लक्ष देण्यास अवसर मिळाला.

साष्टीची मोहीम

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या तहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला होता. दोन शतकांत त्यांनी येथे किल्ले, चर्च, मठ आणि वाडे उभारले. स्थानिक हिंदू रयतेवरील धार्मिक जाचाच्या तक्रारी पेशव्यांकडे पोहोचत होत्या. अंजूरच्या नाईक घराण्यातील मंडळींनी या कामी पुढाकार घेतला होता आणि ब्रह्मेंद्रस्वामींचाही पाठिंबा होता.

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी साष्टीवर अचानक चाल केली. ठाण्याला पोर्तुगीज त्या वेळी नवा किल्ला बांधत होते. त्याचे काम १७३० च्या सुमारास सुरू झाले होते आणि हल्ल्याच्या वेळी तट अपुरे होते. ठाणे फारसा प्रतिकार न होता पडले. चुन्याच्या बांधकामाची गती पाहता या घटनेचे महत्त्व ध्यानात येते. जाड तट एका हंगामात उभा करता येत नाही. खालचा थर पुरेसा आवळला गेल्याशिवाय वरचा चढवला तर भिंत फुगते, आणि पावसाळ्याचे चार महिने उत्तर कोकणात काम जवळजवळ बंदच ठेवावे लागते. मराठ्यांनी नंतर हा किल्ला पूर्ण करून घेतला. आज त्या वास्तूत ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

घोडबंदरचा किल्लाही याच धामधुमीत मराठ्यांच्या हाती आला. वसईच्या खाडीकाठी, उल्हास नदीचे पाणी वळण घेते त्या जागी टेकडीवर असलेला हा किल्ला ठाणे व वसई यांमधील जलमार्गावर नजर ठेवीत असे. घोड्यांच्या व्यापाराचे बंदर म्हणून गावाला हे नाव पडल्याचे मानले जाते. घोडबंदर गेल्यामुळे वसईला खाडीमार्गाने मिळणारी मदत तुटली. १७३७ च्या अखेरीस बाजीराव भोपाळकडे निजामाशी झुंजत असताना चिमाजींना निजामाचा पुत्र नासिरजंग याला रोखण्यासाठी खानदेशात राहावे लागले. कोकणातील काम त्यामुळे लांबले. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला, पण त्यांचा सेनानी पेद्रो दे मेलो त्यात मारला गेला.

वसईचा वेढा

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी स्वतः कोकणात उतरले. माहीम आणि तारापूर घेताना मराठ्यांनी मोठी किंमत मोजली. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेटरेकर कामी आले. मार्चमध्ये धारावीची टेकडी मराठ्यांच्या ताब्यात आली. खाडीच्या मुखाशी, वसईच्या अगदी समोर असलेली ही जागा हातची गेल्यावर वसईची समुद्राकडील वाट धोक्यात आली. या डोंगराच्या खाणींतील दगड वसईच्या इमारतींसाठी वापरला गेला होता. आजच्या भाईंदर पश्चिमेचा दगड खाडीपलीकडे नेऊन बांधलेले शहर त्याच डोंगरावरून कोंडले गेले.

वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने व दलदलीने वेढलेला होता. हल्ला उत्तरेच्या जमिनीच्या बाजूनेच शक्य होता. तोफांनी तट लवकर ढासळेना. अशा भिंतींना आत-बाहेर घडीव दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये चुन्यात कालवलेल्या दगडगोट्यांचा भराव असतो. चुन्याचा सांधा सिमेंटइतका कठीण नसल्याने गोळ्याचा आघात काही अंशी पोटात घेतला जातो, दगड निखळतो पण भिंत एकसंध राहते. म्हणून मराठ्यांनी पायाखालून जाण्याचा मार्ग पत्करला. माऱ्याखाली खंदक पुढे सरकवीत बुरुजांच्या तळाशी सुरुंग खणले गेले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांसारखे सरदार या कामात होते.

मे महिन्याच्या आरंभी सुरुंगांना बत्ती देण्यात आली. काही वेळेवर उडाले, काही मागाहून, आणि उशिरा उडालेल्यांनी खिंडारात शिरू पाहणाऱ्या मराठ्यांचाच मोठा संहार केला. दुसऱ्या दिवशी सेंट सेबास्टियन बुरुजाखालचा सुरुंग उडून रुंद खिंडार पडले आणि मराठ्यांनी तेथे पाय रोवला. किल्लेदार सिल्व्हेरा दे मेनेझिस आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या काएतानो दे सौझा परेरा याने १६ मे १७३९ रोजी (इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या पंचांगानुसार ५ मे) शरणागतीच्या अटी मान्य केल्या. चिमाजींनी शिबंदीला शस्त्रांसह व कुटुंबीयांसह बाहेर पडू दिले, सामान नेण्यास मुदत दिली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. शहर हातघाईने पडण्याच्या बेतात असताना दिलेल्या या अटी त्या काळाच्या मानाने उदार होत्या.

वसई हाती येत नसेल तर आपले मस्तक तोफेने किल्ल्यात उडवा, असे चिमाजींनी सरदारांना बजावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठविल्याची कथाही सांगितली जाते. दोन्ही गोष्टी लोकप्रिय आहेत; पण वेढ्याचा उलगडा करण्यासाठी त्यांची गरज भासत नाही.

बांधकामे

जिंकलेला मुलूख राखण्यासाठी लगेच बांधकामे हाती घेण्यात आली. १७३७ मध्ये मिळालेल्या अर्नाळा बेटावर नवा जलदुर्ग उभारण्यात आला. त्याच्या दरवाजावरील शिलालेखात बाजीरावांच्या आज्ञेचा आणि बांधकाम करणाऱ्या बाजी तुळाजी यांचा उल्लेख आहे. वसई मिळाल्यास देवीचे मंदिर बांधीन असा नवस चिमाजींनी वज्रेश्वरीला केला होता असे सांगतात. हे मंदिर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. भक्कम तट आणि उंच पायऱ्यांमुळे ते एखाद्या गढीसारखे दिसते. वसईच्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत नेण्यात आल्या. भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकी एक आहे.

अखेरचा काळ

१७४० च्या आरंभी बाजीराव व चिमाजी यांनी नासिरजंगाशी तह केला. मस्तानी प्रकरणामुळे कुटुंबात निर्माण झालेला ताण याच काळातील आहे आणि त्यात चिमाजींची भूमिका बंधूंच्या इच्छेविरुद्ध होती. एप्रिल १७४० मध्ये चिमाजी व पुतणे नानासाहेब आंग्रे बंधूंच्या वादात मानाजी आंग्रे यांच्या मदतीसाठी कुलाब्याकडे असताना २८ एप्रिल रोजी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. नानासाहेबांना पेशवेपद मिळवून देण्यात चिमाजींचे वजन उपयोगी पडले. पुढे आठ महिन्यांच्या आतच, १७ डिसेंबर १७४० रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यातील ओंकारेश्वर मंदिराच्या परिसरात चिमाजींची समाधी आहे.

मोहिमेतील किल्ले आणि चुन्याने जतन

साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले आणि देखभालही थांबली. वसईचा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. घोडबंदरच्या किल्ल्याच्या डागडुजीचे काम मीरा-भाईंदर महानगरपालिकेने हाती घेतले.

पोर्टलंड सिमेंटचे एकस्व १८२४ मधील आहे. साहजिकच चिमाजींनी पाहिलेल्या कोणत्याही तटात ते नव्हते. किनारपट्टीवर कालवे-शिंपले आणि आत चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानाला भाजून कळीचा चुना मिळवीत. तो पाण्यात विरवून बरेच दिवस मुरवीत आणि मग वाळू किंवा विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणीत मळीत. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थ काम आणि प्रदेशानुसार मिसळले जात. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. जाड भिंतीच्या गाभ्यात ही क्रिया अनेक वर्षे चालते. सुरखीमुळे ओल्या जागीही सांधा धरतो.

जुन्या तटाच्या दरजा सिमेंटने भरल्या तर काम झटपट व स्वच्छ दिसते. परंतु सिमेंट चुन्यापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असते. पावसाचे पाणी वरून झिरपून भरावात शिरतेच. दरजेतून बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यावर ते दगडातून बाहेर येते. खाडीकाठच्या हवेतील क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठून स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी दगड झिजून आत जातो आणि सिमेंटची दरज तेवढी कडेसारखी पुढे राहते. चुन्याची दरज उलट स्वतः झिजते व दगड वाचवते. ती पुन्हा भरता येते, आणि हाच तिचा उपयोग आहे. गिलाव्याचेही तसेच आहे. गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागात वसई परिसरातील काळा दगड आहे, तर बाकीच्या भिंती जांभ्याच्या आहेत. १९५० च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून उघड्या जांभ्याची पावसाने झीज होत आहे.

घोडबंदर-वसईच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. या तटांवर पोर्तुगीज बांधणी, मराठ्यांची डागडुजी आणि इंग्रजकालीन फेरफार एकावर एक आहेत. दगड बहुधा एकच असतो. काळ ओळखता येतो तो चुन्यातील शिंपल्यांचे तुकडे, वाळूचा कण, सुरखीचे प्रमाण आणि दरजेची जाडी यांवरून. म्हणून दुरुस्तीपूर्वी जुन्या चुन्याचे नमुने तपासून त्याला जुळणारे मिश्रण करण्याची पद्धत आहे. मूळ सांधे खरवडून काढले तर १७३९ च्या वेढ्यानंतर कोणती भिंत नव्याने उभी राहिली, हे सांगणारा भौतिक पुरावा नाहीसा होतो. कागदपत्रांत वेढ्याचे तपशील भरपूर असले तरी डागडुजीचे असे तपशील तुटक आहेत.

अशा कामांतील अडचण साहित्यापेक्षा माणसांची अधिक आहे. कळीचा चुना विकत मिळतो, पण तो विरवून पुरेसा मुरू देण्यास निविदेच्या मुदतीत वेळ ठेवावा लागतो, आणि दरज भरल्यावर ती अनेक दिवस गोणपाटाखाली ओलसर राखावी लागते. भर उन्हात वाळलेला चुना भुकटी होऊन गळतो, तर पावसाळ्याच्या तोंडावर भरलेला धुऊन जातो. त्यामुळे मीरा-भाईंदरच्या हवामानात या कामास पावसाळ्यानंतरचे थंडीचे महिनेच योग्य ठरतात.