लोककवी वामनदादा कर्डक : गाणे आणि जगणे

विहाराच्या वर्धापनदिनी वंदना आटोपली की रात्री गायनाचा कार्यक्रम ठरलेलाच. वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जा, पेटी-ढोलकी लागली की वामनदादांचे एक तरी गाणे निघतेच. तेच गाणे एखादी पार्टी मोठमोठे भोंगे लावून गाते आणि ते कानावरून निघून जाते. तेच एखादी म्हातारी माय बेसूर गाते आणि मंडपात सारे चिडीचूप होतात. असे का व्हावे, हा विचार आम्हा संपादकांच्या मनात बरेच दिवस होता. म्हणून या स्मरणिकेत दादांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. वडील लवकर गेले. शाळेचे तोंड पाहिलेच नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, मिळेल ते काम केले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत असताना कोणीतरी एक पत्र वाचायला हाती दिले. दादांना वाचता येईना. ती लाज जिव्हारी लागली. मग देहलवी मास्तरांकडून मुळाक्षरे शिकले आणि रस्त्याने चालता चालता दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. वय तेव्हा मिसरूड फुटल्याचे!

3 मे 1943 रोजी त्यांनी पहिले गाणे रचले. ते होते करमणुकीचे विडंबन. पण समता सैनिक दल, बाबासाहेबांच्या सभा आणि भीमराव कर्डकांचे जलसे यांनी त्यांच्या गाण्याला वाट दाखवली. (भीमराव आणि वामनदादा हे दोघे वेगळे, आमची पोरं इथे हमखास घोटाळा करतात.)

घरात सुख नव्हते. पहिला संसार मोडला, लहानगी मीरा गेली. पुढे शांताबाईंची साथ लाभली. दादा मात्र गावोगाव फिरत राहिले. मिळेल त्या वाहनाने जायचे, वस्तीत जेवायचे, रात्रभर गायचे. गाणी हजारोंनी लिहिली, पैसा गाठीला राहिला नाही. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह निघाले खरे, पण त्यांची बहुतेक गाणी पुस्तकाआधीच लोकांच्या तोंडी बसलेली होती.

आम्हाला वाटते, खरी गोष्ट इथेच आहे. ज्याला पत्र वाचता आले नाही, त्याला न वाचणाऱ्या माणसाचा कान कळला. म्हणून शब्द शेतातले, चुलीजवळचे. ओळ अशी की एकदा ऐकली की कोरसने उचलावी. आणि दादांनी नुसती जयजयकाराची गाणी दिली नाहीत. बाबासाहेबांचे नाव घेणारे आपण त्यांच्या मताने चालतो काय, हेही त्यांनी तोंडावर विचारले. ती गाणी गाताना गाणाराच आधी सापडतो. जो हा सवाल स्वतःवर घेतो त्याचा गळा साधा असला तरी चालतो. जो टाळतो त्याची तान कितीही लांब जावो, ऐकणारा बिडी प्यायला बाहेर जातो.

15 मे 2004 रोजी दादा गेले. यंदाच्या कार्यक्रमात आमच्या पोरांनी त्यांची तीन गाणी बसवली आहेत. त्यांतले एक तसेच सवालाचे आहे. ते गायचे की नाही यावर तालमीत दोन दिवस वाद झाला. शेवटी तेच पहिले घ्यायचे ठरले.