अलेक इसिगोनिस

सर अलेक्झांडर आर्नोल्ड कॉन्स्टंटाइन इसिगोनिस (१८ नोव्हेंबर, १९०६:स्मर्ना, ओस्मानी साम्राज्य - २ ऑक्टोबर, १९८८:बर्मिंगहॅम, इंग्लंड) हे ब्रिटिश मोटार अभियंता होते. मॉरिस मायनर आणि मिनी या छोट्या गाड्यांचे जनक म्हणून ते ओळखले जातात. या दोन गाड्यांच्या दरम्यानची सुमारे तीन वर्षे त्यांनी एका मोठ्या आलिशान सेडानच्या रचनेत घालविली; ती गाडी बाजारात आलीच नाही.

पूर्वायुष्य

इसिगोनिस यांचे वडील ग्रीक वंशाचे ब्रिटिश नागरिक होते, तर आई बव्हेरियन घराण्यातील होती. १९२२ साली तुर्की सैन्याने स्मर्ना घेतल्यावर कुटुंबाला परागंदा होऊन माल्टात आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षी वडील वारले आणि पुढे मायलेक लंडनला आले. बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकताना इसिगोनिस गणितात तीनदा नापास झाले. त्यांचा चित्रकलेतील हात मात्र उत्तम होता व गाडीची कल्पना ते हाताने काढलेल्या रेखाटनांतूनच मांडत.

कारकीर्द

१९३६मध्ये ते मॉरिस कंपनीत दाखल झाले. त्यांची मॉरिस मायनर १९४८मध्ये आली. उत्पादनाच्या तोंडावर ती अरुंद वाटल्याने त्यांनी नमुना गाडी मधोमध कापून चार इंचांनी रुंद करविली. दहा लाखांवर खपलेली ही पहिली ब्रिटिश मोटार ठरली. भारतात ती 'बेबी हिंदुस्तान' या नावाने विकली गेली.

१९५२मध्ये ते आल्विस कंपनीत गेले. तेथे त्यांनी आठ सिलिंडरांचे ३.५ लिटरचे इंजिन असलेली प्रशस्त सेडान आखली. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या सस्पेन्शनवर अलेक्स मोल्टन यांनी त्यांच्यासोबत काम केले. एवढ्या गाडीचा उत्पादनखर्च छोट्या कंपनीला झेपणारा नव्हता. १९५५मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये परतले व सुरुवातीस तेथेही मोठ्या गाडीवरच काम करू लागले. १९५६च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले आणि कंपनीप्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी आधी छोटी गाडी हवी असे ठरविले. सुमारे दहा फूट लांबीत चार माणसे बसविण्यासाठी इसिगोनिस यांनी इंजिन आडवे ठेवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत घातला आणि चाके दहा इंचांची घेतली. स्प्रिंगांऐवजी मोल्टन यांचे रबरी शंकू वापरले. सेडानमध्ये लांब बॉनेटला मिळणारी जागा येथे प्रवाशांच्या वाट्याला आली. ८४८ सीसी इंजिनाची मिनी २६ ऑगस्ट, १९५९ रोजी विक्रीस आली. सुरुवातीच्या गाड्यांत पावसाचे पाणी शिरे. तरीही मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ची माँटे कार्लो रॅली जिंकली.

हेच तत्त्व मोठ्या ऑस्टिन १८००मध्ये वापरले गेले. ऐसपैस असूनही तिला अपेक्षित ग्राहक मिळाले नाहीत. इसिगोनिस १९६९मध्ये 'सर' झाले आणि १९७१मध्ये निवृत्त झाले. मूळ मिनीचे उत्पादन २०००पर्यंत चालले. तोपर्यंत ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. आडव्या इंजिनाची मांडणी आज अनेक मोठ्या सेडानमध्येही आढळते. तेथे गिअरबॉक्स मात्र इंजिनाच्या खाली नसून शेजारी असतो.