आल्बेर्ट बेर्नहार्ड फ्रांक

आल्बेर्ट बेर्नहार्ड फ्रांक (जन्म : १७ जानेवारी १८३९, ड्रेस्डेन, मृत्यू : २७ सप्टेंबर १९००, बर्लिन) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींची मुळे व जमिनीतील कवके (बुरशी) यांच्या परस्परोपकारक संयोगाला त्यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘कवक’ आणि ‘मूळ’ या अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. रोपांच्या वाढीसाठी आज याच नावाने जे जैविक खत वापरले जाते, त्यामागील मूळ विचार फ्रांक यांचा होय.

जीवन व आरंभीचे कार्य

फ्रांक यांचे उच्च शिक्षण लाइपझिग विद्यापीठात झाले आणि तेथेच त्यांनी अध्यापनही केले. मुळे खाली व खोड वर का वाढते, या प्रश्नावर त्यांनी १८६८ मध्ये महत्त्वाचे लेखन केले. मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल ज्या गटात मोडते, त्या शैवाकांचा अभ्यास करताना, दोन भिन्न जीवांच्या एकत्र राहण्यासाठी १८७७ मध्ये त्यांनी सहजीवन या अर्थाची संज्ञा योजली. या संकल्पनेचे श्रेय बहुधा आंटोन डे बारी यांना दिले जाते. फ्रांक यांची संज्ञा त्याआधीची आहे. १८८१ मध्ये ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

ट्रफलचा शोध आणि मायकोरायझा

ट्रफल हे जमिनीखाली वाढणारे, अतिशय महाग असे खाद्य कवक. प्रशियात त्याची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम शासनाने फ्रांक यांच्याकडे सोपविले. लागवडीचा हेतू साधला नाही. मात्र ट्रफल ज्या झाडांखाली आढळते त्यांची मुळे तपासताना वेगळेच काही हाती लागले. ओक, बीच, हेझल अशा वृक्षांची कोवळी मुळे टोकापर्यंत कवकतंतूंच्या आवरणाने वेढलेली होती. ठिकठिकाणांहून मागविलेल्या नमुन्यांतही तेच दिसले. झाडे निरोगी होती, तेव्हा हा रोग नव्हे, असा निष्कर्ष फ्रांक यांनी काढला. कवक झाडाला जमिनीतील पाणी व पोषकद्रव्ये पुरविते आणि त्याबदल्यात झाडाकडून अन्न मिळविते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुळांवरील ही रचना त्यापूर्वीही काहींनी पाहिली होती. टेओडोर हार्टिग यांनी तिचे चित्र काढले होते, पण ते कवक आहे हे त्यांनी ओळखले नव्हते. पोलिश शास्त्रज्ञ फ्रांचिशेक कामिएन्स्की यांनी मोनोट्रोपा या हरितद्रव्यहीन वनस्पतीबाबत जवळजवळ हाच विचार मांडला होता. तो सर्व अरण्यवृक्षांना लावण्याचे धाडस फ्रांक यांचे.

बुरशी म्हणजे रोग, अशीच त्या काळची समजूत असल्याने विरोध तीव्र झाला. वनस्पतिरोगांचे ख्यातनाम अभ्यासक रॉबर्ट हार्टिग हे विरोधकांत होते. विशेष म्हणजे फ्रांक स्वतःही वनस्पतिरोगांवरील ग्रंथाचे कर्ते होते. उत्तरादाखल त्यांनी पाइनची रोपे निर्जंतुक केलेल्या व न केलेल्या अरण्यमातीत वाढविली. कवकयुक्त मातीतील रोपे जोमदार झाली, इतर खुरटली. तापविल्याने मातीचे रासायनिक गुणही बदलतात, त्यामुळे हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही. बाहेरून आवरण घालणारे आणि मुळाच्या पेशींत शिरणारे, असे मायकोरायझाचे दोन प्रकार त्यांनी १८८७ मध्ये वेगळे केले. ज्वारी, गहू, कांदा यांसारख्या पिकांत आढळणारा प्रकार दुसऱ्या वर्गातला.

मतभेद व नंतरचा काळ

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणूंना ‘रायझोबियम’ हे नाव फ्रांक यांनीच १८८९ मध्ये दिले. तरीही कडधान्ये सोडून इतर वनस्पतीही हवेतील नायट्रोजन घेतात, या चुकीच्या मतावर ते अडून राहिले. हेलरीगेल यांच्याशी झालेल्या या वादात फ्रांक यांची बाजू टिकली नाही.

मायकोरायझाच्या वादाचा निकाल मात्र त्यांच्या पश्चात त्यांच्या बाजूने लागला. स्वीडनमधील एलियास मेलिन यांनी शुद्ध स्वरूपात वाढविलेले कवक रोपांच्या मुळांशी जोडून दाखविले आणि १९५० मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस कवकतंतूंमधून पाइनच्या रोपात पोहोचत असल्याचे सिद्ध केले. फ्रांक यांचा भर नायट्रोजनवर होता. पिकांना या संयोगाचा मुख्य लाभ फॉस्फरसच्या रूपाने होतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. फॉस्फरस मातीत सहजासहजी हलत नाही. मुळाला न पोहोचता येणाऱ्या जागेतून कवकतंतू तो आणून देतात. कोबी व मोहरीच्या कुळातील पिकांत हा संयोग सहसा होत नाही, त्यामुळे त्यांना असे खत देऊन उपयोग नसतो. जमिनीत फॉस्फरस मुबलक असल्यास इतर पिकांतही त्याचा परिणाम कमी दिसतो.