आयझेनहॉवर यांचे कोलेस्टेरॉल आणि तुमची रोजची गोळी

कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली की पथ्यावर भागणार नाही का, असे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. काहींचे भागते, काहींचे नाही. हे समजून घेण्यासाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे उदाहरण पाहा.

आयझेनहॉवर यांचा जन्म १८९० साली टेक्सासमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याचे ते सरसेनापती होते. त्या काळात ते दिवसाला चार पाकिटांपर्यंत सिगारेट ओढत. १९४९ मध्ये त्यांनी सिगारेट कायमची सोडली. १९५३ ते १९६१ ते राष्ट्राध्यक्ष होते.

सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे गोल्फ खेळताना त्यांना पोटात अस्वस्थ वाटू लागले. खाल्लेले बाधले असावे असा समज झाला. त्याच रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय होते ६४. सुमारे सात आठवडे ते रुग्णालयात होते. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखले की आपणही पित्त किंवा गॅस म्हणून घरी थांबतो. तसे थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

त्यानंतर त्यांनी खाण्यातली चरबी कमी केली, वजनावर लक्ष ठेवले आणि वारंवार रक्त तपासून घेतले. तरीही कोलेस्टेरॉल वाढत गेले आणि ते त्याची फार चिंता करत. जानेवारी १९६१ मध्ये, पद सोडताना, आकडा २५९ होता. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र त्यांना २०९ सांगितला, अशी नोंद आहे.

पथ्य पाळूनही असे का होते? शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपले यकृत स्वतः तयार करते. ते किती तयार होईल हे अनेकदा आनुवंशिकतेवर अवलंबून असते. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे तुम्ही पथ्य मोडले, असे नेहमीच नसते.

त्या काळी चांगले औषध नव्हते. १९६० मध्ये अमेरिकेत ट्रायपॅरॅनॉल हे औषध आले, पण त्याने मोतीबिंदू होऊ लागल्याने १९६२ मध्ये ते बंद करावे लागले. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करणारे पहिले स्टॅटिन औषध तिथे १९८७ मध्ये बाजारात आले. तोवर आयझेनहॉवर जाऊन अठरा वर्षे झाली होती. १९५७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला, पुढे हृदयविकाराचे आणखी झटके आले आणि २८ मार्च १९६९ रोजी, ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी आज औषध आहे. ते सुरक्षितपणे घेण्यासाठी एवढे करा:

• तुमचा एलडीएलचा आकडा आणि तो किती असायला हवा, हे डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट जपून ठेवा.
• गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी करा. सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल पुन्हा करा.
• रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो आकडा गोळीमुळे आलेला असतो, बंद केल्यावर पुन्हा वाढतो.
• एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.
• स्नायू खूप दुखले, अशक्तपणा आला, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरच्या काही गोळ्या काही स्टॅटिनबरोबर चालत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर चालू औषधांची यादी दाखवा. आयुर्वेदिक काढे, चूर्णही त्यात लिहा.
• गर्भवती असाल, मूल हवे असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा.
• मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर स्टॅटिनने थोडी वाढू शकते. ज्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आहे, त्यांना बहुधा गोळीचा फायदा त्याहून मोठा असतो. साखर तपासत राहा.

गोळी सुरू झाली तरी पथ्य, चालणे आणि तंबाखूपासून दूर राहणे चालूच ठेवा. पुढच्या भेटीला जाताना जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.