नोटेवरचा डॉक्टर आणि हट्टी जंतू

२००४ पासून तब्बल वीस वर्षं जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर एका डॉक्टरचा फोटो होता. विस्कटलेले कुरळे केस, जाड मिशी. हे हिदेयो नोगुची. २०२४ मध्ये नोट बदलली आणि त्यांच्या जागी शिबासाबुरो किताझातो आले. गंमत म्हणजे हे किताझातो एकेकाळी नोगुचींचे साहेब होते!

नोगुचींची गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभेल अशीच सुरू होते. जन्म ९ नोव्हेंबर १८७६, फुकुशिमा भागातल्या इनावाशिरोजवळच्या एका खेड्यात. पाळण्यातलं नाव सेइसाकू. घरची परिस्थिती बेताचीसुद्धा नाही, त्याच्याही खाली. दीड वर्षाचा असताना तो घरातल्या जमिनीत खणलेल्या चुलीत पडला. डावा हात भाजला आणि बोटं एकमेकांना चिकटली. शेतीत हा मुलगा उपयोगाचा नाही हे आई शिकाला कळून चुकलं. मग तिने शेतमजुरी केली, ओझी वाहिली, पण पोराला शाळेत घातलं. कोबायाशी नावाच्या शिक्षकांनी त्याची हुशारी हेरली. सोळाव्या वर्षाच्या आसपास शिक्षक आणि वर्गमित्रांनी वर्गणी काढून त्याच्या हाताचं ऑपरेशन करवलं. हात पूर्ण सुधारला नाही, पण बोटं सुटी झाली. सेइसाकूने ठरवलं, आपण डॉक्टरच व्हायचं. ज्यांनी ऑपरेशन केलं, त्याच डॉक्टरांकडे तो उमेदवारी करू लागला. १८९६ मध्ये टोकियोला निघताना त्याने घराच्या खांबावर कोरून ठेवलं की ध्येय गाठल्याशिवाय या मातीत पाऊल ठेवणार नाही. पुढच्याच वर्षी, विसाव्या वर्षी, तो डॉक्टरकीची परीक्षा पास.

इथवर सगळं प्रेरणादायी वगैरे आहे. पण हा मुलगा काही साधूसंत नव्हता. हातात पैसे आले की उडवायचे, संपले की उधारी, हा त्याचा खाक्या. त्याच सुमारास त्याच्या हातात एक कादंबरी पडली. तिच्यात एक हुशार पण वाया गेलेला मेडिकलचा विद्यार्थी होता आणि त्याचं नाव जवळजवळ हुबेहूब याच्यासारखं! हा इतका हादरला की नावच बदलून हिदेयो केलं. सवयी मात्र बदलल्या नाहीत. अमेरिकेला जायचं म्हणून ठरलेल्या लग्नाचे आगाऊ पैसे घेतले आणि ते निरोपाच्या पार्टीत उडवले. शेवटी चिवाकी नावाच्या हितचिंतकाने सावकाराकडून कर्ज काढून त्यांना बोटीवर चढवलं. ते लग्न काही झालं नाही.

अमेरिकेतली ओळखही अशीच. १८९९ मध्ये सायमन फ्लेक्सनर हे अमेरिकन शास्त्रज्ञ जपानला आले, तेव्हा नोगुची त्यांचे दुभाषे होते. तेवढ्या भांडवलावर १९०० च्या डिसेंबरमध्ये हे फिलाडेल्फियाला त्यांच्या दारात उभे. फ्लेक्सनर चकितच झाले, पण त्यांनी सापाच्या विषावरचं काम दिलं. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटची सूत्रं फ्लेक्सनर यांच्याकडे आली आणि १९०४ पासून नोगुची तिथेच रमले. हा माणूस झोपतो कधी, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडायचा.

त्या काळातला मोठा प्रश्न म्हणजे सिफिलिस. आपल्याकडचं जुनं नाव गरमी. १९०५ मध्ये जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन यांना त्याचा जंतू सापडला: स्क्रूसारखा पिळाचा, अतिशय बारीक ट्रेपोनेमा पॅलिडम. १९०६ मध्ये वासरमन यांची रक्ततपासणी आली. पण तिच्यात एक विचित्र गोष्ट होती. जंतूचा जो अंश शरीराच्या संरक्षण यंत्रणेला जागं करतो, त्याला अँटिजेन म्हणतात. वासरमन टेस्टमध्ये अँटिजेन म्हणून सिफिलिस झालेल्या मृत अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरायचे. नंतर कळलं की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो. म्हणजे टेस्ट जंतूला ओळखतच नव्हती, एका चरबीसारख्या पदार्थाविरुद्धच्या अँटिबॉडी पकडत होती. आजची व्हीडीआरएल याच घराण्यातली. त्यामुळे मलेरियात, कधीकधी गरोदरपणातही ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

मग खऱ्या जंतूचा अँटिजेन का वापरायचा नाही? कारण हा जंतू महाहट्टी. शरीराबाहेर तो जगत नाही आणि प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही. सशाच्या वृषणात टोचला तरच टिकायचा.

१९११ मध्ये नोगुचींनी जाहीर केलं की आपण तो नळीत शुद्ध स्वरूपात वाढवला आहे. जगभर वाहवा झाली. या वाढवलेल्या जंतूंना मारून त्यांनी ल्युएटिन नावाचा अर्क बनवला. तो त्वचेत टोचायचा आणि पुरळ येते का ते बघायचं. कल्पना सुंदर होती, पण ती तपासली कोणावर? रुग्णांवर तर झालीच, शिवाय तुलनेसाठी दुसऱ्या आजारांनी दवाखान्यात आलेल्या लोकांवर आणि अनाथाश्रमातल्या लहान मुलांवरही. कोणाचीही परवानगी न घेता. न्यूयॉर्कच्या पेपरांत बोंबाबोंब झाली. बालसंरक्षण संस्थेने खटला भरा म्हणून मागणी केली, पण तो उभा राहिला नाही. अर्कातले जंतू मेलेले आहेत, संशोधकांनी तो आधी स्वतःला टोचून घेतला होता, असा संस्थेचा बचाव होता. मला तो पटत नाही. संशोधक स्वतःसाठी हो म्हणू शकत होते. त्या मुलांना कोणी विचारलंच नव्हतं.

आणि तरीही १९१३ मधलं त्यांचं काम अस्सल होतं. तेव्हा वेड्यांच्या इस्पितळांत पक्षाघात आणि भ्रम झालेले असंख्य रुग्ण असायचे. नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांचे मृत्यूनंतरचे मेंदू तपासले, स्लाइडमागून स्लाइड, आणि मेंदूतच तो पिळाचा जंतू दाखवला. एक मानसिक आजार जंतूमुळे होतो, याचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा होता. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं.

आईने दरम्यान म्हातारपणी अक्षरं गिरवून मुलाला पत्र लिहिलं होतं. एकदा ये, एवढंच तिचं मागणं. १९१५ मध्ये ते गेले, पंधरा वर्षांनी. तीच शेवटची भेट. १९१८ मध्ये ती गेली.

त्याच वर्षी नोगुची इक्वाडोरला पोहोचले आणि पीतज्वराचा जंतू सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. तो चुकीचा होता. त्यांना सापडलेला जंतू वेगळ्याच काविळीचा निघाला. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की पीतज्वर विषाणूमुळे होतो. आपलं म्हणणं पडताळायला नोगुची स्वतः अक्राला गेले. २१ मे १९२८ रोजी तिथेच पीतज्वराने त्यांचा मृत्यू झाला, वय ५१. त्यांचं शवविच्छेदन करणारे डॉ. विल्यम यंग काही दिवसांतच त्याच तापाने गेले.

आणि ते नळीतले जंतू? इतरांना तो प्रयोग काही जमला नाही. नोगुचींनी वाढवलेले पिळदार जंतू रोग न करणारे, दुसऱ्याच जातीचे होते असं आज मानलं जातं. ल्युएटिनही मागे पडलं. रॉकफेलरसारखं नाव पाठीशी असल्यावर शंका विचारायला लोक कचरतात, हेही त्यात आलंच.

मूळ अडचण मात्र अनेक दशकं तशीच राहिली. १९१२ मध्ये वॉशिंग्टनला एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून काढलेला निकल्स नावाचा वाण सशांमधून सशांमध्ये टोचतच जिवंत ठेवावा लागला. नेमक्या टेस्टसाठी जंतू हवा, तर ससे हवेत.

१९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी वेगळीच वाट काढली. अख्खा जंतू वाढवण्याऐवजी त्याच्या एकेका प्रथिनाचं जनुक उचललं आणि ते ई. कोलाय या साध्या जंतूत घातलं. सिफिलिसचा जंतू दुप्पट व्हायला तीस तासांच्या वर घेतो, ई. कोलाय वीस मिनिटांत होतो. हे रिकॉम्बिनंट अँटिजेन. टीपी १५, टीपी १७, टीपी ४७ अशी त्यांची नावं आहेत, आकडे त्या प्रथिनांच्या वजनाचे. बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्यांमध्ये हेच अँटिजेन असतात. एक मर्यादा आहे: आजार बरा झाला तरी या टेस्ट बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतात. म्हणून उपचार लागू पडले का, हे बघायला अजूनही व्हीडीआरएलसारखी टेस्टच लागते.

१९९८ मध्ये जंतूचा संपूर्ण जनुकीय नकाशा आला, सुमारे ११ लाख अक्षरांचा. तो अखेर प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने वाढला तो २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या ह्यूस्टनला. तेही एकटा नाही, सशाच्या पेशींच्या सोबतीने. नोगुचींच्या घोषणेला तेव्हा १०७ वर्षं झाली होती.