एन्रिको मात्तेई : अल्पचरित्र

मॅझिनी व गॅरिबाल्डी ह्या इटालियन देशभक्तांची नावे महाराष्ट्रातील सुशिक्षित घराण्यांत कित्येक पिढ्यांपासून परिचयाची आहेत. परकी राजांच्या हातून आपला देश सोडविण्याच्या कामी त्यांनी आयुष्य वेचले. परंतु देश राजकीय दृष्ट्या स्वतंत्र झाला तरी त्याच्या कारखान्यांच्या भट्ट्या कोणाच्या इंधनावर पेटतात, हा प्रश्न उरतोच. आणि ते इंधन विकणारा उद्या रुसला तर काय करावे, हा त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न. ह्या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेल्या एका इटालियन गृहस्थाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव एन्रिको मात्तेई.

प्रथम त्यांच्या देशाची अडचण काय होती ते पाहू. निसर्गाने इटलीस द्राक्षे दिली, संगमरवर दिला, पण दगडी कोळसा मात्र जवळजवळ दिलाच नाही. आल्प्स पर्वतातील धबधब्यांपासून तेथील लोकांनी वीज उत्पन्न केली व तिला कौतुकाने पांढरा कोळसा असे नाव दिले. तथापि आगगाड्या, पोलादाच्या भट्ट्या व घरोघरच्या शेगड्या ह्यांस काळा कोळसा लागेच. तो पूर्वी बहुतांशी इंग्लंडहून जहाजांतून येई, पुढे अधिकाधिक जर्मनीहून येऊ लागला. हे दोन विक्रेते एकमेकांचे वैरी झाले, तेव्हा इटलीची स्थिती मोठी कठीण झाली. १९४० च्या मार्च महिन्यात जर्मन कोळसा घेऊन निघालेली इटालियन जहाजे इंग्रजांनी समुद्रात अडविली. त्याच महिन्यात जर्मनीने दरसाल १ कोटी २० लक्ष टन कोळसा आगगाडीने पोहोचविण्याचे वचन दिले, आणि जूनमध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली. युद्धाची कारणे दुसरीही पुष्कळ होती, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याच्या हाती आपल्या चुलीचे सरपण त्याच्याशी भांडण करणे सोपे नसते, हेही खरे.

मात्तेई ह्यांचा जन्म २९ एप्रिल १९०६ रोजी मध्य इटलीतील आक्वालान्या ह्या लहान गावी झाला. वडील लष्करी पोलिसदलात कनिष्ठ दर्जाच्या हुद्द्यावर होते. घरात मुले पाच व मिळकत बेताची. मुलाचे शाळेत लक्ष नसे, आणि कोवळ्या वयातच त्याने शाळा सोडली. (आमच्या विद्यार्थ्यांनी ह्यात अनुकरणीय असे काही शोधू नये, पुढे ह्याच मनुष्याने स्वतः शाळा काढली, ती हकीकत येईलच.) मातेलिका गावी तो एका कारखान्यात लोखंडी खाटा रंगवू लागला. तेथून कातडी कमावण्याच्या कारखान्यात हरकाम्या म्हणून शिरला, आणि विशी ओलांडण्याच्या सुमारास त्याच कारखान्याचा व्यवस्थापक झाला. व्यापारातील मंदीमुळे तो कारखाना बसला, तेव्हा तरुण मात्तेई मिलान शहरी गेले. तेथे काही दिवस फिरते विक्रेते म्हणून रंग व रसायने विकून त्यांनी स्वतःचा रसायनांचा लहानसा कारखाना उभा केला.

महायुद्धाच्या उत्तरार्धात उत्तर इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात गेली. मात्तेई गुप्तपणे लढणाऱ्या देशभक्तांस मिळाले. ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या पथकांस पैसा, अन्न व शस्त्रे पुरविण्याचे काम त्यांजकडे होते, व त्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून ते स्वातंत्र्यसैनिकांच्या मुख्य सेनामंडळात बसत. १९४४ च्या ऑक्टोबरात ते पकडले गेले, डिसेंबरात कोमो येथील तुरुंगातून निसटले, आणि १९४५ च्या मे महिन्यात मिलानच्या रस्त्यांतून विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा पुढाऱ्यांच्या पहिल्या रांगेत चालत होते.

युद्ध संपता संपता त्यांस एक नीरस वाटणारी कामगिरी देण्यात आली. आजिप नावाची सरकारी तेल कंपनी १९२६ साली स्थापन झाली होती. तिने वर्षानुवर्षे जमीन विंधली, पैसा ओतला, पण तेल म्हणण्याजोगे हाती लागले नाही. ती मोडीत काढून तिचा हिशेब मिटवावा, एवढेच मात्तेई ह्यांस करावयाचे होते. त्यांनी प्रथम जुन्या तंत्रज्ञांस बोलावून विचारले. त्यांजकडून असे कळले, की पो नदीच्या सपाटीत लोदी शहराजवळ काव्यागा येथे १९४४ साली एका विहिरीतून ज्वलनशील वायू मोठ्या जोराने निघाला होता, व लढाईच्या धामधुमीत ती गोष्ट दडवून ठेवण्यात आली होती. परदेशी कंपन्या आजिपचा माल विकत घेण्यास उत्सुक आहेत, हेही त्यांच्या ध्यानात आले. निरुपयोगी वस्तूस एवढी गिऱ्हाइके का, असा सरळ व्यापारी प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. मग वरिष्ठांचा हुकूम बाजूस ठेवून त्यांनी विंधन चालूच ठेवले.

१९४९ साली कोर्तेमाज्जोरे येथे वायू व त्याबरोबर थोडे खनिज तेलही सापडले. वर्तमानपत्रांनी एकच गजर केला. वस्तुतः तेल अगदी अल्प होते. पुढे कोर्तेमाज्जोरेचे नाव लावून जे पेट्रोल देशभर विकले गेले, ते बव्हंशी परदेशी तेलापासून काढलेले असे. ही अतिशयोक्ती मात्तेई ह्यांनी जाणूनबुजून होऊ दिली, व ती आम्हास प्रशस्त वाटत नाही. वायू मात्र खरा होता, आणि विपुल होता.

तो कारखान्यांपर्यंत नेण्याचे काम त्यांनी ज्या घाईने केले, त्याच्या कथा इटलीत अद्याप सांगतात. शेतमालक, नगरपालिका, रस्ते-खाते, ह्यांची परवानगी घेत बसल्यास वर्षे जातील, म्हणून त्यांचे मजूर रात्री खणत, नळ पुरीत व पहाटेस निघून जात. क्रेमोना शहरी असेच खोदकाम चालले असता नगराध्यक्ष संतापून आले. मात्तेई ह्यांनी नम्रपणे क्षमा मागून मजुरांस ताबडतोब परत जाण्यास सांगितले. भर रस्त्यात उघडा चर पाहून नगराध्यक्षांवरच पाळी आली, की कृपा करून काम पुरे करा व खड्डा बुजवा! अशा रीतीने १९६० च्या सुमारास चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे नळ जमिनीखाली पडले. उत्तर इटलीच्या गिरण्यांस परक्या कोळशाऐवजी आपल्याच भूमीतील इंधन मिळाले. रावेन्ना येथे ह्याच वायूपासून खत व कृत्रिम रबर होऊ लागले, आणि खताचे भाव उतरले. १० फेब्रुवारी १९५३ च्या कायद्याने सर्व सरकारी तेल-वायू कंपन्या एकत्र करून एनी नावाची संस्था स्थापिली गेली. तिचे पहिले अध्यक्ष अर्थातच मात्तेई. तिचे चिन्ह म्हणजे सहा पायांचा, अग्नी ओकणारा कुत्रा.

ज्या देशास वायू आहे पण तेल नाही, त्याने तेल कोणाकडून घ्यावे? त्या काळी जगातील बहुतेक तेलाचा व्यापार अमेरिकन, इंग्रज व डच अशा सात बड्या कंपन्यांच्या मुठीत होता. मात्तेई त्यांस उपहासाने सात बहिणी म्हणत, आणि ते नाव जगभर रूढ झाले. इराणने आपले तेल राष्ट्रीय केले तेव्हा इंग्रजांनी त्यावर बहिष्कार घातला, व मात्तेई ह्यांनी तो निमूटपणे पाळला. १९५४ साली इराणच्या तेलाची वाटणी झाली, तीत इंग्रजांस, अमेरिकनांस, डचांस व फ्रेंचांसही वाटा मिळाला. इटलीस काहीच मिळाले नाही.

हा अपमान ते कधी विसरले नाहीत. पुढे दूरचित्रवाणीवर त्यांनी देशबांधवांस एक गोष्ट सांगितली. ते शिकारीहून एका शेतकऱ्याच्या घरी आले. दमलेल्या मोठ्या कुत्र्यांपुढे अन्नाची परात ठेवली होती. एक रोडके मांजराचे पिल्लू भीत भीत परातीशी आले. तोच एका कुत्र्याने त्यास असा फटका मारला की बिचाऱ्याचा कणा मोडला. आपण इटालियन लोक ते पिल्लू होतो, असा त्यांचा भावार्थ. लहानथोर सर्वांस ही गोष्ट पटली, कारण हाल सोसलेले राष्ट्र ते.

पिल्लाने मग दुसऱ्या दाराने आत शिरण्याचे ठरविले. बड्या कंपन्या तेलवाल्या देशांस नफ्याचा निम्मा भाग देत. १९५७ साली मात्तेई ह्यांनी इराणशी असा करार केला, की निम्मा नफा कराच्या रूपाने इराणने घ्यावा, आणि उरलेल्या निम्म्यात भागीदार म्हणून पुन्हा अर्धा घ्यावा. म्हणजे १०० पैकी ७५ इराणास. शोधाचा खर्च प्रथम इटलीने सोसावा. ह्या कराराने बड्या कंपन्यांची झोप उडाली. ईजिप्त, मोरोक्को इत्यादी देशांशीही त्यांनी संबंध जोडले. त्याच साली मिलानजवळ सान दोनातो येथे त्यांनी तेलविद्येची शाळा काढली, व तीत आशिया-आफ्रिकेतील तरुणांसही शिकविले. शाळा सोडलेल्या मुलाची शाळा ती हीच.

परंतु ह्या भागीद्यांतून तेल हाती येण्यास वेळ लागणार, आणि भट्ट्यांस तेल आज पाहिजे. तेव्हा मात्तेई ह्यांनी सर्वांत धाडसाची गोष्ट केली. १९६० च्या ऑक्टोबरात त्यांनी सोव्हिएत रशियाशी करार करून काही वर्षांत १ कोटी २० लक्ष टन कच्चे तेल घेण्याचे ठरविले. (आकडा योगायोगाने १९४० च्या कोळशाचाच!) किंमत इतर तेलाहून पुष्कळ कमी, आणि तीही रोख द्यावयाची नव्हती; बदल्यात पोलादी नळ, कृत्रिम रबर व यंत्रसामग्री द्यावयाची होती. इटली तर अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी संघाची सभासद. वैऱ्याचे तेल घेता, आणि वर त्यास तेल वाहून नेण्याचे नळ देता, असा मित्रराष्ट्रांतून एकच गिल्ला झाला. त्याच वर्षी रशियाने हिंदुस्थानासही स्वस्त तेल देऊ केले होते, व आमच्या मुंबईत ट्रॉम्बे येथे शुद्धीकरणाचे कारखाने चालविणाऱ्या परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करण्याचे साफ नाकारले होते, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

मात्तेई रशियाचे भक्त होते काय? आम्हास तसे वाटत नाही. इटलीतील लातीना येथील अणुवीज केंद्राकरिता त्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि अमेरिकेतील बड्या तेल कंपनीशीही अखेरीस त्यांची बोलणी चालू होती; तिच्याशी करार त्यांच्या मृत्यूनंतर १९६३ साली झाला. एका दुकानदारास दुसऱ्या दुकानाची वाट आपणास ठाऊक आहे हे कळले, म्हणजे तो भाव उतरवितो, एवढाच त्यांचा हिशेब होता. मात्र त्यांच्या वर्तनाचा एक भाग झाकून ठेवणे योग्य नाही. त्यांनी बहुतेक सर्व राजकीय पक्षांस पैसा पुरविला. पक्ष म्हणजे भाड्याची गाडी, असे ते उघड म्हणत. बसावे, भाडे द्यावे, उतरावे. एक वर्तमानपत्रही त्यांनी हाताशी ठेविले होते. स्वतः ते साधेपणाने राहात, डोंगरातील तळ्यांत मासे धरणे हाच त्यांचा विरंगुळा. परंतु परक्यांच्या मक्तेदारीशी लढताना त्यांनी स्वदेशाच्या राजकारणास जी सवय लावली, तिची किंमत इटलीने पुढे पुष्कळ वर्षे मोजली.

२७ ऑक्टोबर १९६२ रोजी सिसिलीतील गाल्यानो गावी, जेथे नुकताच वायू सापडला होता, त्यांनी लोकांसमोर भाषण केले. तुमच्या परदेशी गेलेल्या मुलांस परत येता येईल असे काम येथेच निघेल, असा त्याचा आशय होता. सायंकाळी कातानियाहून लहान विमानाने ते मिलानकडे निघाले. मिलान जवळ आले असता बास्कापे गावच्या शेतात विमान कोसळले. मात्तेई, वैमानिक व एक अमेरिकन वार्ताहर असे तिघेही मृत्यू पावले. सरकारी चौकशीत हा अपघात ठरला. १९७० साली ह्या प्रकरणाचा शोध घेणारा सिसिलीतील एक पत्रकार नाहीसा झाला, तो कधीच सापडला नाही. १९९४ साली पुनश्च चौकशी आरंभिली गेली. विमानात स्फोट घडविला गेला असा निष्कर्ष न्यायाधिकाऱ्यांनी काढला. परंतु तो कोणी घडविला हे सिद्ध न होता २००३ साली प्रकरण बंद झाले.

त्यांच्या मागून इटलीचे काय झाले? पो नदीकाठचा वायू वाढत्या मागणीस पुरेना. १९६९ साली रशियाशी वायूचा करार झाला, व १९७४ पासून तो वायू येऊ लागला. १९८७ साली लोकांनी मत देऊन अणुवीज नाकारली. रशियन नळाचा भरवसा वाढत वाढत इतका वाढला, की २०२१ साली बाहेरून येणाऱ्या वायूपैकी १०० मधील सुमारे ४० भाग रशियाचा होता. ज्या मनुष्याने एकाच विक्रेत्याच्या हाती राहू नये म्हणून रशियाचे दार उघडले, त्याच्या देशाने त्याच दारात मुक्काम ठोकला, असे म्हटल्यावाचून आमच्याने राहवत नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, आणि इटलीच्या मंत्र्यांस तातडीने दुसरा विक्रेता शोधावा लागला. ते अल्जीरियास गेले. अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात असता, तिच्या वाळवंटातील तेलात वाटा घेण्याचे मात्तेई ह्यांनी नाकारले होते. तो देश स्वतंत्र झाल्याखेरीज तेथे पाऊल टाकावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. अल्जीरियन लोक ही गोष्ट विसरले नाहीत. २०२४ साली इटलीच्या सरकारने आफ्रिकेशी सहकार्याची जी योजना रोम येथे जाहीर केली, तिलाही मात्तेई ह्यांचेच नाव दिले.

अल्जीरियाहून येणारा नळ मात्र १९८३ पासूनच चालू आहे, व त्यासही एन्रिको मात्तेई ह्यांचे नाव आहे. सहारा वाळवंटातून निघून, ट्युनिशिया ओलांडून, समुद्राच्या तळावरून तो सिसिलीतील मात्सारा देल वाल्लो येथे किनाऱ्यास लागतो, आणि तेथून सबंध इटली चढून पो नदीच्या सपाटीतील मिनेर्बिओ गावापर्यंत जातो.