हान्स सेल्ये : ताणाचा अभ्यासक

‘ताण’ ही संज्ञा वैद्यकात रूढ झाली ती मुख्यतः हान्स सेल्ये (१९०७–१९८२) यांच्यामुळे. व्हिएन्नात जन्मलेले सेल्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात नव्या संप्रेरकाच्या शोधात होते. ग्रंथींचा अर्क टोचलेल्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी वाढल्या, थायमस आकसली, जठरात व्रण पडले. परंतु फॉर्मॅलिन टोचल्यावरही हेच घडले आणि संप्रेरकाची आशा मावळली. या अपयशातच त्यांना नवा अर्थ गवसला : आघात कोणताही असो, शरीराच्या प्रतिसादाचा साचा एकच. १९३६ मध्ये त्यांनी तो मांडला. धोक्याची सूचना, प्रतिकार व शक्तिक्षय या त्याच्या तीन अवस्था होत. पुढे त्यांनी तंबाखू उद्योगाचे अर्थसाहाय्य स्वीकारले, हेही नोंदवले पाहिजे. सर्वच ताण घातक नसतो, हा त्यांचा विचार मात्र नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणांस जवळचा वाटेल.